चौतीस अंशांचं घर

शिवकांताचं माहेर उदगीरचं. वडलांचं सरकी-पेंडीचं दुकान होतं आणि दुकानाच्या मागच्या दोन खोल्यांत सगळं बिऱ्हाड. गिऱ्हाईक नसलं की वडील तिला गादीवर बसवून घ्यायचे आणि रस्त्यानं जाणाऱ्या माणसांच्या नकला करून दाखवायचे. ती खळखळून हसायची. आई रागवली की वडील म्हणायचे, "हसू दे की. कुणाचं काय घेऊन राहिली ती?"

एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन ती लातूरला आली. नवरा उमाशंकर, ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवायचे. पुढं लातुरात शिकवणी वर्गांचं पेव फुटलं, लांबलांबच्या जिल्ह्यांतली पोरं खोल्या करून राहू लागली आणि उमाशंकर सरांचं नाव झालं. नाव झालं ते दोन गोष्टींसाठी. उष्णतेचा धडा त्यांच्यासारखा मराठवाड्यात कुणी शिकवत नाही, ही एक. आणि चुकलेल्या पोराला ते भिंतीकडं तोंड करून उभं करतात, ही दुसरी. मारायचे नाहीत, ओरडायचे नाहीत. उभं करायचे आणि विसरून जायचे.

घरातही त्यांची तीच तऱ्हा. भाजीत मीठ जास्त पडलं तर आठ आठ दिवस ते शिवकांताकडं बघायचे नाहीत. ताट वाढलेलं असायचं, ती समोर असायची, आणि ते एकुलत्या मुलीला, शिवानीला विचारायचे, "घरात पाणी देणारं कुणी आहे का?" दहा वर्षांची शिवानी उठून पाणी द्यायची. दुसरीकडं तोंड करून आईला हसायची. शिवकांता पुढंपुढं नवऱ्याला 'अहो' म्हणायचंसुद्धा विसरली. बाकीच्या जगासारखीच 'सर' म्हणायला लागली.

सर रिटायर झाले त्या वर्षी बंगळूरला एका जुन्या विद्यार्थ्याकडं जाऊन आले. तिथं त्यांनी पोकळ विटांचं घर बघितलं. परतताना पिशवीत एक अख्खी वीट घेऊन आले. नेहमीच्या सहा-सात विटांएवढी मोठी, भाजून लालभडक झालेली, आणि मधमाश्यांच्या पोळ्यासारखी आरपार भोकं असलेली. आकाराच्या मानानं उचलायला हलकी. ती जेवणाच्या टेबलावर ठेवून त्यांनी शिवकांताला समोर बसवलं आणि शिकवलं.

"उष्णतेला चालायला वाट लागते. मातीतून ती चालते, दगडातून पळते. पण कोंडून ठेवलेल्या हवेत ती अडखळते. या विटेची भिंत म्हणजे उन्हाच्या वाटेवर खणलेले हजार खड्डे. कळलं?"

"व्हय," शिवकांता म्हणाली.

"काय कळलं, सांग."

तिला सांगता आलं नाही. सर उठून गेले. पण तिला कळलं होतं, आणि मनातून बरंही वाटलं होतं. छत्तीस-सदतीस उन्हाळे तिनं भाड्याच्या घरात पत्र्याखालच्या स्वयंपाकघरात काढले होते. उन्हाच्या वाटेवर खड्डे खणणारी भिंत तिला देवासारखी वाटली.

औसा रोडला प्लॉट होता. दिवाळीनंतर बांधकाम सुरू झालं. विटा ट्रकनं कर्नाटकातून आल्या. पण त्या लावायच्या कशा, हे लातुरातल्या गवंड्यांना ठाऊक नव्हतं. शोधाशोध करून देगलूरकडचा व्यंकट नावाचा गवंडी मिळाला. त्यानं हैदराबाद आणि बंगळूरला असली कामं केली होती. काळा, हडकुळा, पन्नाशीचा माणूस. बोलताना मधूनच तेलुगू शब्द टाकायचा. वीट पाण्यात बुडवून काढायची, छिन्नी लावायची नाही, कापायची तर मशीननं, वायरीची नळी कुठून जाणार ते आधी ठरवायचं, माल भोकांत सांडू द्यायचा नाही. तो एकेक वीट लेकरासारखी ठेवायचा. शिवकांता रोज दुपारी डब्यातून चहा घेऊन प्लॉटवर जायची आणि थोडा वेळ बघत उभी राहायची.

"अक्का, हात लावून बघा," व्यंकट एकदा म्हणाला. भिंतीची बाहेरची बाजू उन्हात तापली होती. आतून तिनं तळवा टेकवला तर गार. ती हसली. बऱ्याच दिवसांनी हसली.

"भिंत ब्येस होऊन राहिली," व्यंकट म्हणाला, "पण ऊन येतंय वरून. छताचं कायतरी करा म्हणावं. माझं आयकत न्हाईत सर, तुम्ही सांगा."

दिवाणखान्यावर सरांची अभ्यासिका येणार होती, त्यामुळं त्याचं छत सावलीत राहणार होतं. पण नैऋत्येच्या कोपऱ्यातल्या स्वयंपाकघरावर उघडा स्लॅब होता. सकाळी नऊपासून संध्याकाळी सहापर्यंत त्याच्यावर ऊन. खिडकीही एकच, ताटाएवढी. "खिडकी म्हणजे भिंतीतली चूक," असं सर म्हणायचे. धूर ओढणाऱ्या पंख्याला त्यांनी साफ नकार दिला होता, कारण तो आतली गार हवा बाहेर फेकतो.

शिवकांतानं धीर करून रात्री जेवताना विषय काढला. सरांनी घास खाली ठेवला.

"हे तुझं नाही. कुणी सांगितलं?"

सांगायची गरजच नव्हती; छताचं व्यंकट आधीच सरांशी बोलला होता. दुसऱ्या दिवशी सर तिला सोबत घेऊन प्लॉटवर गेले. सगळ्या मजुरांना गोळा केलं. व्यंकटला पुढं बोलावलं.

"किती शिकलास?"

"आठवी, सर."

"पास?"

व्यंकट खाली बघायला लागला.

"आठवी नापास माणूस माझ्या बायकोला उष्णता शिकवतो," सर सगळ्यांना म्हणाले, "आणि ती शिकते. मला छत्तीस वर्षांत जमलं नाही ते यानं चहाच्या वेळात केलं." मजूर हसले, कारण हसावं अशी सरांची अपेक्षा दिसत होती. मग सरांनी मोजपट्टी मागवली, व्यंकटनं आदल्या दिवशी लावलेल्या भिंतीचे सांधे मोजले, आणि दोन सांधे जाड आहेत म्हणून वरचे तीन थर काढायला लावले. काढताना विटा फुटल्या. व्यंकटनं फुटके तुकडे गोळा केले. शिवकांता चहाचा डबा धरून उभी होती. चहा कुणालाच दिला गेला नाही.

खरी गोष्ट अशी होती की सरांनी बोलून ठेवलं होतं. त्यांच्या सत्काराच्या कार्यक्रमात, सगळ्या शहरासमोर, ते म्हणाले होते की लातूरच्या उन्हाला नुसती भिंत पुरते, आणि ते मी राहून दाखवीन. आता छतावर काही केलं असतं तर भिंत पुरली नाही असं झालं असतं.

काम वर्षभर चाललं. जानेवारीत ते राहायला गेले. जुना कूलर सरांनी दारातूनच कुणाला तरी देऊन टाकला. पाच खोल्यांत पाच तापमापक लावले, एक बाहेर अंगणात. रोज तीन वेळा आकडे वहीत उतरायचे. सकाळी नऊला सगळ्या खिडक्या बंद, संध्याकाळी सातला उघडायच्या.

मार्चमध्ये शिवकांताचे वडील गेले. नव्वदीला टेकले होते, झोपेतच गेले. दिवसकार्य उरकून येताना दुकानातला त्यांचा फोटो तिनं मागून घेतला. फोटोत ते गादीवर बसले होते आणि कुणाची तरी नक्कल करण्याच्या बेतात असल्यासारखे ओठ मुडपलेले होते. सर वर अभ्यासिकेत असताना तिनं दिवाणखान्याच्या भिंतीवर खिळा धरला आणि हातोडी मारली. दुसऱ्या घावाला खिळा एकदम आत गेला. पोकळ विटेचं बाहेरचं कवच तळव्याएवढं फुटलं, गिलाव्याचा पोपडा आणि लाल चुरा फरशीवर पडला. असल्या भिंतीला साधा खिळा चालत नाही, वेगळा स्क्रू लागतो, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

सर खाली आले. भोकाकडं बघितलं, तिच्याकडं बघितलं. आवाज अजिबात चढला नाही.

"फोटो हातात घे."

तिनं घेतला.

"भिंतीकडं तोंड कर. मी सांगेपर्यंत."

शिवकांता त्या वेळी अठ्ठावन्न वर्षांची होती. तिला वाटलं, आता हसतील, आता म्हणतील की जा. पण मागं पेपर उलगडल्याचा आवाज आला. ती भिंतीकडं वळली. का वळली, हे तिला पुढंही कधी सांगता आलं नाही. पाय आपोआप वळले. वडलांचा चेहरा पोटाशी धरून ती त्या फुटक्या विटेकडं बघत राहिली. भोकातून आतला अंधार दिसत होता.

अर्ध्या तासानं बेल वाजली. सरांचा जुना विद्यार्थी अमरेश आला होता. आता तो लातुरातच इमारती बांधायचा आणि घर बघायला अधूनमधून यायचा. सोबत त्याची बायकोही होती. सरांनी दार उघडून त्यांना बसवलं. शिवकांतानं हलायचं धाडस केलं नाही.

"काकू?" अमरेश म्हणाला.

"शिक्षा चालू आहे," सर म्हणाले. "तूही भोगलीयस की. आठवतं?"

अमरेश हसला. आठवतं सर, म्हणाला. त्याची बायको हसली नाही, पण काही बोललीही नाही. घर बघून झालं, भिंतीवर हात फिरवून झाले, तापमापक वाचून झाले. निघताना सर सहज आठवल्यासारखे म्हणाले, "शिवकांता, पाहुण्यांना चहा नाही का?" तेव्हा ती वळली. तिच्या पायांना मुंग्या आल्या होत्या. चहा करताना तिनं फोटो पिठाच्या डब्यामागं ठेवला.

संध्याकाळी नांदेडहून शिवानीचा फोन आला. शिवानी तिथं कॉलेजात बापाचाच विषय शिकवायची. शिवकांतानं आडून आडून सांगितलं. शिवानी म्हणाली, "आई, भिंत फोडायच्या आधी विचारायचंस ना. बाबांचा जीव आहे त्या घरात."

एप्रिलमध्ये ऊन पेटलं. आणि खरं सांगायचं तर भिंतींनी आपलं काम चोख केलं. बाहेर एकेचाळीस असताना दिवाणखान्यात तेहतीस. दारातून आत आलेला माणूस 'आहाहा' म्हणायचा. पेपरात फोटो आला, कॉलेजची पोरं रांगेनं येऊ लागली. सर प्रत्येकाला खड्ड्यांचा दाखला देऊन समजावायचे. स्वयंपाकघर मात्र भट्टी झालं होतं. वरचा स्लॅब दिवसभर ऊन प्यायचा आणि खाली गॅस. तिथल्या तापमापकानं एकदा दुपारी एकोणचाळीस दाखवलं, दुसऱ्या दिवशी चाळीस. तिसऱ्या दिवशी शिवकांता आत गेली तर खिळ्यावर तापमापक नव्हता.

"कुठं गेला?" तिनं विचारलं.

"बिघडला होता," सर म्हणाले.

वहीत त्या खोलीचा रकाना कोराच राहायला लागला.

मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात अमरेश बांधकामवाल्या मंडळींना घेऊन यायचा होता. सात-आठ जण. घर पसंत पडलं असतं तर शहरात पुढच्या चार इमारती याच विटांच्या झाल्या असत्या. विटा लावायची पद्धत दाखवायला सरांनी व्यंकटलाही बोलावून घेतलं. आणि शिवकांताला सांगितलं, पाहुणे जेवून जातील, पुरणाच्या पोळ्या कर. तिच्या माहेरी त्यांना होळग्या म्हणतात. तिच्या हातच्या होळग्या खरंच नावाजण्यासारख्या असत.

त्या दिवशी बाहेर त्रेचाळीस होतं. सकाळी आठला तिनं डाळ शिजायला टाकली. अकराला पाहुणे आले, तिनं तवा चढवला. लुगडं अंगाला चिकटलं होतं, हनुवटीवरून घाम कणकेत पडू नये म्हणून ती मान मागं घेऊन लाटत होती. साडेअकराला डोळ्यांपुढं काजवे चमकले म्हणून तिनं खिडकी उघडली. बाहेरची झळ आली, पण निदान हलती हवा होती. पाच मिनिटांत सर आत आले. पाहुण्यांना ऐकू जाऊ नये इतक्या हळू आवाजात बोलले.

"हॉलचा आकडा आत्ता कुठं चौतीसवर थांबलाय. तू इथून झळ सोडतेस?"

"चक्कर यायलीय," ती म्हणाली.

"मग बसून लाट."

त्यांनी खिडकी लावली, कडी घातली आणि जाताना मधलं दारही ओढून घेतलं.

ती खाली बसली. बसून लाटायची, उठून भाजायची. थोड्या वेळानं घाम येईनासा झाला. तिला वाटलं, बरं झालं, सवय झाली. कातडी कोरडी, तापल्या पत्र्यासारखी. मग तिला वडील दिसले, पलीकडं ओट्यावर बसलेले, आणि ते सरांची नक्कल करत होते. तिला हसू आलं. पलीकडच्या खोलीतूनही हसण्याचा आवाज आला. तेवढंच तिच्या लक्षात राहिलं.

पुढचं तिला व्यंकटनं सांगितलं, फार दिवसांनी. आत काहीतरी धप्पकन पडलं. पाहुणे दचकले. सर म्हणाले, "भांडं असेल. आमच्या मिसेसच्या हातून भांडी फार पडतात." सगळे हसले. सरांनी बोलणं पुढं चालू केलं. फळ्यावर आकृती अर्धी काढून झाली होती, ती पुरी केली. दहा-बारा मिनिटं गेली. मग जळका वास यायला लागला. तेव्हा व्यंकट उठला आणि न विचारता मधलं दार उघडून आत गेला. तव्यावर होळगी कोळसा झालेली आणि खाली शिवकांता. तिचं अंग हाताला चटका बसण्याइतकं गरम होतं. त्यानं माठ तिच्या अंगावर उपडा केला, तिला उचलून बाहेर आणलं आणि अमरेशच्या गाडीत घातलं. गाडीत बसताना सर म्हणाले, "सकाळपासून काही खाल्लं नसेल. सोमवार धरते ती."

दवाखान्यात ताप एकशे सहाच्या वर निघाला. नऊ दिवस ती अतिदक्षता विभागात होती. किडन्या वाचल्या. डॉक्टरांनी शिवानीला बाजूला घेऊन सांगितलं की उष्माघातानं मेंदूच्या मागच्या भागाला मार बसलाय. समजेल सगळं, पण तोल राहणार नाही, हात थरथरतील, बोलणं जड येईल. किती सुधारेल ते सांगता येत नाही.

शिवानी पलंगाशी येऊन बसली. आईचा हात हातात घेतला. रडली. आणि मग म्हणाली, "आई, खिडकी उघडून टाकायची ना गं. एवढंसुद्धा तुला सुचू नये?"

शिवकांतानं तोंड उघडलं. शब्द आत अगदी स्वच्छ होते, पण बाहेर पडताना ओल्या कणकेसारखे एकमेकांना चिकटले. शिवानीनं तिच्या ओठांवरून हात फिरवला. "राहू दे. त्रास नको करून घेऊ."

शिवानीच्या फ्लॅटवर ती महिनाभर राहिली. मग शिवानीचं कॉलेज सुरू झालं, आणि आईला दिवसभर सांभाळणारं कुणी मिळेना. जुलैत तिला लातूरला पोचवून शिवानी दुसऱ्या गाडीनं परत गेली.

सरांनी तिची खुर्ची दिवाणखान्यात मांडली. स्वयंपाकाला बाई लावली. ती बाई सकाळी सातला येऊन नऊच्या आत सगळं करून जायची, कारण तिनं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं की दुपारी मी या चुलीपुढं मरायला उभी राहणार न्हाई. सरांनी ते ऐकून घेतलं. शिवकांता खुर्चीतून बघत होती.

पाहुणे यायचे थांबले नाहीत. आता त्यांना तीही दाखवली जायची. "आमच्या मिसेस. आजारी असतात," सर सांगायचे. "बघा, अशा पेशंटलासुद्धा या घरात कूलर लागत नाही." लोक कौतुकानं तिच्याकडं बघायचे. कुणी विचारलं, काय झालं काकूंना, तर सर म्हणायचे, उपासाचं निमित्त झालं. एकदा तिनं मध्येच बोलायचा प्रयत्न केला. 'खिडकी' हा शब्द तिनं तीनदा म्हटला. पाहुणी घाबरून सरांकडं बघायला लागली. सर हसले. "भूक लागली असेल," म्हणाले. त्यानंतर पाहुणे आले की ती डोळे मिटून घ्यायची.

फेब्रुवारीत सर स्वयंपाकाच्या बाईला मुक्कामी ठेवून परीक्षेच्या कामासाठी चार दिवस नांदेडला गेले. पहिल्याच सकाळी दारात व्यंकट उभा. त्या भागात दुसऱ्या कामावर होता, सर गेल्याचं त्यानं कुणाकडून तरी ऐकलं होतं. खुर्चीसमोर उकिडवा बसला.

"कसं हाय, अक्का?"

शिवकांतानं थरथरता हात वर केला. छताकडं.

व्यंकटनं वर बघितलं. मग तिच्याकडं. "स्वयंपाकघराचं?"

तिनं मान हलवली.

"सर बोंबलतील."

तिनं पुन्हा वर बोट दाखवलं. बोट हलत होतं, पण तिनं ते खाली घेतलं नाही.

दुपारी व्यंकट टेम्पो भरून गाडगी घेऊन आला. कुंभाराकडं तडा गेलेली, वाकडी निघालेली, कुणी न घेतलेली. सोबत चुन्याची पोती. जुन्या लोकांची रीत होती ती. स्लॅबवर गाडगी पालथी मांडायची, मधल्या फटी चुना-विटांच्या मालानं भरायच्या, आणि वरून पांढऱ्याशुभ्र चुन्याचा हात. गाडग्यांच्या पोटातही हवाच कोंडलेली. शिवकांता कठडा धरून एकेक पायरी चढत जिन्यावर जाऊन बसली. गाडगी तिच्या शेजारी रचली होती. ती एकेक उचलून व्यंकटला द्यायची. पहिली चार-पाच तिच्या हातून पडून फुटली. तिचे डोळे भरून आले.

"फुटू द्या," व्यंकट म्हणाला. "फुटकं बी कामाला येतंय फटीत. द्या तुम्ही."

तिनं दिली. तीन दिवस देत राहिली. तिसऱ्या दिवशी एकही फुटलं नाही.

सर आले ते जिन्यावरचा चुना बघून थेट वर गेले. बराच वेळ वर होते. खाली आले तेव्हा त्यांनी व्यंकटला फोन लावला, स्पीकर चालू ठेवून, शिवकांताला ऐकू जाईल असा. "माझ्या परवानगीशिवाय माझ्या छतावर चढलास. पोलिसात दिलं तर? परत या रस्त्यालाही दिसू नकोस. शहरात तुला काम मिळणार नाही, ते मी बघतो." पलीकडून व्यंकट एवढंच म्हणाला, "हाव सर. अक्काला काय बोलू नका."

अक्काला ते काहीच बोलले नाहीत. एकवीस दिवस बोलले नाहीत. पण बाविसाव्या दिवशी त्यांनी ड्रॉवरमधून तो जुना तापमापक काढला आणि स्वयंपाकघरात लावला. पंधरा दिवस आकडे लिहिले. एप्रिलच्या सुरुवातीला बाहेर एकेचाळीस असताना आत पस्तीस. शिवकांताला खुर्चीतून त्यांची पाठ दिसत होती. ते तापमापकासमोर नाक लावून उभे होते, आणि त्यांच्या मानेवर तिला ओळखीचा ताठपणा चढताना दिसला. त्या संध्याकाळी ते तिच्याशी बोलले. "छताचा प्रयोग यशस्वी झाला," म्हणाले.

त्याच महिन्यात अमरेशनं नवं काम काढलं, पोकळ विटांचंच. व्यंकट तिथं विचारायला गेला होता. सरांचा निरोप आधीच पोचला होता. तो देगलूरला परत गेल्याचं स्वयंपाकाच्या बाईनं सांगितलं.

एप्रिलअखेर शिवानीनं तिच्या कॉलेजात सरांचं व्याख्यान ठेवलं. आईलाही घेऊन या, म्हणाली. नांदेडला जाताना गाडीत सर खूश होते. रस्त्यातल्या प्रत्येक घराचं छत दाखवून ड्रायव्हरला शिकवत होते. सभागृह भरलं होतं, एसी चालू होता. शिवकांताला पहिल्या रांगेत शिवानीशेजारी बसवलं. तिला थंडी वाजत होती.

सरांनी भिंत समजावली. खड्ड्यांचा दाखला दिला, पोरांनी वह्यांत लिहून घेतला. मग पडद्यावर गाडग्यांचा फोटो आला. पांढरं, उन्हात चकाकणारं छत.

"मागच्या उन्हाळ्यात माझ्या पत्नीला उष्णतेचा त्रास झाला," सर म्हणाले आणि थांबले. "मी शास्त्राचा माणूस आहे. रडत बसलो नाही. मी स्वतःला विचारलं, उष्णता आणखी कुठून येते? आणि हे छत तयार झालं."

टाळ्यांचा कडकडाट झाला. पोरं मागं उभी राहून टाळ्या वाजवत होती. प्राचार्य उठून सरांचा हात हातात घेत होते. शिवानीनं डोळे पुसले आणि आईला कवेत घेतलं.

"बघितलंस आई? बाबा बोलून दाखवत नाहीत. पण तुझ्यासाठी केवढं केलं."

शिवकांतानं जीभ टाळ्याला लावली. घाई न करता, एकेक अक्षर वेगळं ठेवत ती म्हणाली, "व्यं... कट."

"काय?"

"व्यंक... ट."

शिवानीनं तिच्या तोंडाजवळ कान नेला. आजूबाजूला अजून टाळ्या चालू होत्या. मग तिचा चेहरा उजळला. तिनं आईच्या पाठीवरून हात फिरवला.

"हो गं. संकटच होतं ते. टळलं आता."

शिवकांतानं पुन्हा म्हणून बघितलं नाही. स्टेजवर सरांना शाल पांघरली जात होती. कुणीतरी येऊन तिच्या मांडीवरही एक गुच्छ ठेवला. तिचे हात हलत होते म्हणून त्याच्या पाकळ्या खाली गळत राहिल्या, आणि फोटो नीट यावा म्हणून शिवानीनं तिचे दोन्ही हात आपल्या हातांनी घट्ट दाबून धरले.